तिसरे घर, कुलूपबंद फ्लॅट आणि दासोह

अमेरिकेत डॅलसजवळ राहणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. पतिपत्नी दोघेही संगणक क्षेत्रात उत्तम पगारावर आहेत. राहते घर स्वतःचे आहे, दुसरे भाड्याने दिलेले आहे, सोलापुरात होटगी रस्त्यावर घेतलेला फ्लॅट कुलूपबंद पडून आहे आणि आता तिसऱ्या घराची बोलणी चालू आहेत. वरच्या मजल्यावर संगमरवरी देव्हारा आणून सुंदर देवघर सजवले आहे, पण तिथे दिवा लागतो तो रविवारी, तोही जमल्यास. सासूबाई बाळीवेशीत एकट्या राहतात आणि परदेशी येण्यास मुळीच राजी नाहीत. यजमानांच्या मनात वडिलांच्या नावाने एखाद्या मंदिराला सभामंडप बांधून द्यावा, असे आहे. "पैशाच्या मागे धावताना आमच्या हातून काही निसटते आहे, हे कळते; पण दोन्हींचा मेळ घालायचा कसा, ते कळत नाही," असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, सर्वप्रथम हे सांगणे आवश्यक वाटते की पैसे मिळवल्याबद्दल मनाला टोचणी लावून घेण्याचे आपल्याला काही कारण नाही. आपण ज्या गावातून गेलात, त्या गावाचे ग्रामदैवत म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. त्यांची परंपरा सांगते की त्यांनी देवळाबरोबर तळेही उभे केले, लोकांना पाणी मिळावे म्हणून श्रम केले आणि करवून घेतले. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातील शिवभक्त संतांच्या, विचारात कायक आणि दासोह या दोन गोष्टी जोडीने येतात. कायक म्हणजे प्रामाणिकपणे केलेला आपला व्यवसाय, आणि त्यातून जे येईल त्यातले समाजाकडे नम्रपणे परत जाणे म्हणजे दासोह. कमाईला पाप ठरवून अध्यात्म सुरू होते, असे या मातीतल्या विचाराने कधीच मानलेले नाही. कमाई कुठे जाऊन थांबते आणि तिथून पुढे कोणाकडे वळते, एवढेच त्यात पाहिले जाते.

आपल्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मजकूर देवघराविषयीचा नाही. दुसऱ्या घरातील भाडेकरूचा वातानुकूलन यंत्राबद्दल फोन आला आणि त्या धावपळीत मुलाची रविवारची मराठी शाळा बुडाली, असे आपण ओघात लिहून गेलात. पुढे असे वरचेवर होते, हेही कंसात नमूद केलेत. खरा हिशेब त्या कंसात आहे. घर विकत घेताना आपण व्याजदर, कर, भाड्याचे उत्पन्न हे सारे बारकाईने तपासले असणार. परंतु त्या घराला दर महिन्याला आपल्या कुटुंबाचे किती शनिवार-रविवार द्यावे लागतील, हे कोणी मांडले नसावे. तिसऱ्या घराबाबत निर्णय घेण्यापूर्वी तेवढे मांडून पाहावे. रखवालीचे काम पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवता येत असेल आणि तरीही व्यवहार परवडत असेल, तर खुशाल घ्यावे. परवडत नसेल, तर ते घर आपण पैशाने विकत घेत नसून मुलांच्या वेळाने घेत आहात. माझे स्पष्ट मत विचाराल, तर निदान धाकटी मुलगी मोठी होईपर्यंत हा विचार बाजूला ठेवावा.

परदेशातील बऱ्याच मराठी घरांत आढळणारी अडचण अशी, की पैशाचे निर्णय आईवडील दार लावून घेतात आणि संस्कारांचे बोलणे मात्र मुलांसमोर, सणावारी, पाटावर बसून होते. मुलांना दोन्ही कधी एकत्र दिसत नाहीत. त्यामुळे श्लोक पाठ असलेला मुलगाही घर मोठे की छोटे यावरूनच माणसाची किंमत करायला शिकतो, कारण आईवडील मनापासून कशावर चर्चा करतात ते त्याने भिंतीपलीकडून ऐकलेले असते. म्हणून माझी सूचना अशी आहे की वर्षातून एकदा, करविवरणाची कागदपत्रे टेबलावर असतानाच, मुलांना जवळ बसवावे. पगाराचा आकडा सांगावा की नाही, हे आपण ठरवावे. बारा वर्षांच्या मुलाला सांगायला माझी हरकत नाही, बाहेर बोलायचे नसते एवढी समज त्याला देता येते. पण वर्षभरात आपल्यावर किती खर्च झाला, साठवले किती आणि दुसऱ्यांसाठी किती गेले, हे त्यांच्यासमोर मोकळेपणाने मांडावे. पुढच्या वर्षी तिसऱ्या रकान्यात किती असावे, हे त्याच बैठकीत आणि शक्यतो टक्केवारीत ठरावे, म्हणजे पगार वाढला की तो रकाना आपोआप वाढेल. वर्षअखेरीला उरलेसुरले द्यायचे ठरवले, तर बहुधा काहीच उरत नाही.

आता सभामंडपाविषयी. वडिलांचे नाव राहावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिची थट्टा करू नये, जरी आपल्याकडे देवळाच्या पायरीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत देणगीदारांची इतकी नावे झाली आहेत की देवाचे नाव शोधावे लागते. तरीही ज्याला दासोह म्हणतात, त्यात देणाऱ्याचा मीपणा गळून पडणे अपेक्षित आहे. यजमानांना एवढे सुचवून पाहावे, की त्याच रकमेचा निम्मा भाग नावाच्या पाटीविना द्यावा. सोलापूरच्या पूर्व भागात हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणाऱ्या कितीतरी आया आहेत आणि त्यांच्या मुली बारावीनंतर फीसाठी अडतात. अशा मुलींना मदत करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या कामाची चौकशी सासूबाईंकडूनच करवून घ्यावी. गावात राहणाऱ्या माणसाला कोणती संस्था खरोखर काम करते आणि कोणती फलकापुरती आहे, हे चांगले ठाऊक असते. शिवाय त्यांच्याकडे पैशांऐवजी सल्ला मागितला गेल्याचा आनंद वेगळाच असेल.

येथे एक व्यावहारिक सूचना. आपले भारतीय पारपत्र कायम असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. मात्र अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) काढले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने आपण विदेशी स्रोत ठरता, मग रक्कम रुपयांत दिली तरीही. अशा वेळी घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालील, नोंदणी असावी लागते आणि परदेशातून येणारी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील तिच्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. हे देवस्थानालाही लागू आहे. ओळखीच्या माणसाच्या खात्यावर पैसे टाकून "तुम्हीच तिकडे भरा" असे सांगणे सोपे वाटते, पण त्यातून पुढे संस्थेवर बालंट येऊ शकते, म्हणून ते टाळावे.

कुलूपबंद फ्लॅटबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो भाड्याने द्यावा किंवा विकावा. वर्षातून दोन आठवड्यांसाठी धूळ झटकायला जायचे आणि सासूबाईंनी मात्र बाळीवेशीतल्या जुन्या जिन्यावरून चढउतार करायची, यात कोणाचेच हित नाही.

सासूबाईंना तिकडे नेण्याचा आग्रह सोडावा. त्यांची माणसे, त्यांचे देऊळ आणि त्यांची भाजीवाली सोलापुरात आहे. आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे सहा होतात आणि त्या देवपूजेला बसतात. उन्हाळ्यात हीच वेळ आपल्याकडे साडेसात होते. मुलांनी वरच्या देवघरात दिवा लावावा, तिकडे आजी लावते आहे हे फोनवर पाहावे, आणि पाच मिनिटांत मोकळे व्हावे. संगमरवरी देव्हाऱ्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. आपल्या यशाचे मोजमाप गावाकडचे नातेवाईकही गाडीच्या नावावरूनच करतात, हे खरे आहे, आणि त्यांच्याकडे लग्नातला खर्च आपल्याहून कमी नसतो; तेव्हा तिकडे सारे सात्त्विक आणि इकडे सारे भौतिक, अशी फाळणी मुलांच्या मनात होऊ देऊ नये.

शेवटी आपण विचारले आहे की मुलांना गावाशी जोडण्यासाठी सुटीत काय दाखवावे. आपण बहुधा नाताळच्या सुटीत येता आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतता. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, त्यानंतर, संक्रांतीच्या सुमारास भरते, म्हणजे नेमकी हुकते. एखाद्या वर्षी शाळेला पत्र देऊन मुक्काम वाढवावा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, तोलत गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, रस्त्याच्या दोन्ही कडांनी "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" असा घोष चालतो आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. हे सात नंदीध्वज वेगवेगळ्या समाजांकडे मानाने चालत आलेले आहेत आणि ते पेलण्याचा सराव यात्रेच्या कितीतरी आधीपासून चालू असतो, तोही नोकरीधंदा सांभाळून. मुलाला आधी काही समजावून सांगू नये. त्याला आजीसोबत गर्दीत उभे राहू द्यावे. प्रश्न त्याला पडतील, आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी ती रात्र मोकळी ठेवावी. विमानाचे तिकीट त्या हंगामात महाग पडते, तेव्हा तारखा ऑगस्टमध्येच ठरवाव्यात आणि हा खर्च तिसऱ्या घराच्या खात्यातून करावा.