सांगलीला येतेयस, पोरांच्या शाळेबद्दल थोडं

प्रिय बाळ,

तुझा परवाचा मेसेज वाचला. बदलीची ऑर्डर आली, जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या ब्रँचला हजर व्हायचंय, लेक पाचवीत जाणार, धाकटा पहिलीला, आणि खाली एकच ओळ, "बाई, चांगली शाळा सांगा ना." रात्री दोनदा उत्तर टाइप केलं आणि खोडलं, कारण एका ओळीत नाव लिहून पाठवलं असतं तर तू डोळे झाकून तिथं फॉर्म भरून मोकळी झाली असतीस, माझ्या शब्दावर तुझा किती विश्वास आहे ते मला माहितीये. म्हणून जरा सविस्तर लिहिते, सवडीनं वाच, एकदम नाही वाचलंस तरी चालेल.

एकतीस वर्षं झेडपीच्या शाळांत काढली, पलूस, वाळवा, मिरज असे तीन तालुके फिरले, शेवटी मुख्याध्यापक होते. एवढं करूनही स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मी चुकले होते आणि तेच तुला आधी सांगते. माझी मिरज तालुक्यात बदली झाली तेव्हा तो सहावीत. सगळे म्हणाले अमक्या शाळेत घाल, निकाल बघ, गेटवर लावलेले फोटो बघ. घातला. घर एकीकडं, शाळा चौदा किलोमीटरवर, रिक्षामामा पावणेसहाला दारात हॉर्न वाजवायचे, पोरगं अर्धवट झोपेत बूट घालायचं. गणपती झाले आणि डबा तसाच परत यायला लागला. मी रागवायचे, भाजी आवडली नाही का, बाहेरचं खातोस का. एक दिवस डबा उघडला तर चपातीची घडी जशी मी घातली होती तशीच, वरचं तूप थिजलेलं. मग शेजारी बसून विचारलं तर म्हणाला, "आई, मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या जागा ठरलेल्यात, मी उभाच असतो, मग खावंसं वाटत नाही." मी दिवसभर दुसऱ्यांच्या चाळीस पोरांच्या पंगती बघत होते गं, आणि माझा मुलगा तिकडं चार महिने डबा हातात धरून उभा होता. त्या शाळेत कुणी त्याला मारलं नाही, बोललं नाही, फक्त नवीन आलेल्या पोराकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. पुढच्या जूनमध्ये काढला, घरापासून दहा मिनिटांवरच्या साध्या शाळेत घातला, तिथं पहिल्याच दिवशी सरांनी दोन पोरांना सांगितलं की ह्याला आठवडाभर सोडायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामा यायला लागला.

तेव्हापासून कुणी शाळा विचारली की मी आधी त्या मुलाचा दिवस विचारते. किती वाजता उठणार, कसं जाणार, किती वेळ रस्त्यात, परत आल्यावर घरी कोण, पाऊस असला तर काय. तू बँकेत साडेनऊला पोचणार, जावईबापू अजून पुण्यातच आहेत आणि शनिवार-रविवार येणार असं तू लिहिलंयस, म्हणजे पहिले सहा महिने सगळं तुझ्या एकटीवर. मग घर आणि शाळा ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवूच नकोस. भाडं दोन हजारानं कमी म्हणून लांब घर घेशील आणि तेवढेच पैसे व्हॅनला देशील, वर पोरांची रोजची तास-दीड तास झोप जाईल. सांगली-मिरज आठ-दहा किलोमीटर, नकाशावर काहीच वाटत नाही, पण सकाळी आणि संध्याकाळी त्या रस्त्यावर स्कूटी घालून एकदा बघ.

आणि घर बघताना सांगलीत जो प्रश्न सगळे विचारतात तो तू पण विचार, २०१९ ला इथं पुराचं पाणी आलं होतं का? लाजू नकोस, इथं हे कुणाला वाईट वाटत नाही. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, कर्नाळ रोड, इथल्या लोकांना विचारलंस तर भिंतीवर हात लावून दाखवतील कुठपर्यंत होतं ते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत परत आलं, आणि २००५ तर तुला स्वतःलाच आठवत असेल. शाळेला पण हेच विचार, पूर आला तेव्हा काय केलं, किती दिवस बंद होती, नंतर पोरांचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढला. शाळेत पाणी शिरलं होतं म्हणजे ती शाळा वाईट असं अजिबात नाही, आमच्याच शाळेत शिरलं होतं. ओसरल्यावर कुलूप उघडलं तर कपाट फुगून दार निघेना, जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पोराच्या नावाची वही, वरच्या कप्प्यात होतं म्हणून त्याच्या नुसत्या कडा भिजल्या होत्या, आम्ही तिघी पान पान सुटं करून मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालत बसलो. तेवढ्यात गावातले एक आजोबा चिखलातनं आले, घरातलं धान्यसुद्धा गेलं होतं त्यांचं, आणि विचारतात काय तर, "बाई, माझं नाव राहिलंय का वहीत?" राहिलं होतं. जांभळी शाई पसरली होती पण वाचता येत होतं. ते बघून गेले.

हे सांगायचं कारण, कागद. पुण्याची शाळा सोडताना दाखला हातात घेतलास की घरी आणून फायलीत टाकायचा नाही, ऑफिसच्या दारातच उभी राहून अक्षर न् अक्षर वाचायचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही, जन्मस्थळात गाव तालुका जिल्हा, धर्म-जातीची नोंद, आणि आधारवर जे स्पेलिंग आहे तेच तिथं आहे का. आत्ता चूक निघाली तर अर्ज देऊन काम होतं, पण तीच चूक नव्या शाळेच्या रजिस्टरला चढली की पुढं दहावीपर्यंत जाते, आणि जातीच्या दाखल्याला, त्याच्या पडताळणीला (व्हॅलिडिटी) शेवटी शाळेचीच नोंद मागतात, तेव्हा पालक रडकुंडीला आलेले मी कितीतरी बघितलेत. दुसरं, हल्ली सगळं यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या नोंदींच्या पोर्टलवर, ऑनलाइन असतं, जुन्या शाळेनं मुलाला तिथल्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय नव्या शाळेला त्याला आपल्या पटावर ओढून घेता येत नाही, आणि मे महिन्यात क्लार्क सुट्टीवर गेले की ते तसंच लटकतं. तर निघायच्या आधी तेवढं विचारून घे, "टाकलं का ड्रॉपबॉक्सला?" बास. पेन नंबर, म्हणजे त्या पोर्टलवरचा मुलाचा कायमचा नंबर, तो पण लिहून घे.

दाखला यायला उशीर झाला तरी घाबरू नकोस मात्र. आरटीई, म्हणजे शिक्षणाच्या हक्काचा कायदा, २००९ चा, त्यात सरळ लिहिलंय की आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. आमच्याकडं दिवाळीनंतर ऊसतोडीवाल्यांची पोरं यायची, बीडकडची, हातात एक कागद नसायचा, त्याच दिवशी वर्गात बसवायचो. एक पोरगा होता तिसरीत, चार दिवस दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही त्यानं, कधीही उठून जायला लागेल अशा बेतानं बसायचा. पाचव्या दिवशी खाली ठेवलं तेव्हा मी मनात म्हणलं, आता आला हा शाळेत. तुझ्या पोरांचं पण तसंच असणार आहे, घर बदललंय एवढंच तुला दिसेल, पण त्यांचं सगळं गाव बदललंय.

आता लेकीचं. पाचवी ही आपल्याकडं सांध्याची इयत्ता आहे. बऱ्याच प्राथमिक शाळा चौथीला संपतात आणि हायस्कूल पाचवीपासून सुरू होतं, म्हणजे अशा हायस्कूलला ती गेली तर वर्गात ती एकटीच नवीन नसेल, निम्म्याहून जास्त पोरी दहा वेगवेगळ्या शाळांतून आलेल्या असतील आणि सगळ्याच जणी मैत्रीण शोधत असतील. उलट पहिलीपासून दहावीपर्यंतच्या सलग शाळेत ती गेली तर तिथं चार वर्षांचे ग्रुप जमलेले असतात. म्हणून माझा कल स्पष्ट सांगते, ह्या वर्षी हायस्कूल. फक्त वेळ विचार. २०२४ पासून शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलंय, पाचवीला तसं बंधन नाही, त्यामुळं लेकीची शाळा सातची आणि धाकट्याची साडेनऊ-दहाची असं होऊ शकतं, तुझी सकाळ कशी बसेल ते आधी कागदावर मांडून बघ.

तिचं मिडियम बदलायचं का म्हणून तू विचारलंयस. ती आत्ता सेमी-इंग्लिशला आहे ना, मग सेमीच ठेव, गाव, घर, मैत्रिणी सगळं एकदम बदलतंय त्यात भाषा तरी ओळखीची राहू दे. तुमची बदली पुढं महाराष्ट्राबाहेर व्हायची खरंच शक्यता असेल तर सीबीएसईचा विचार करण्यात अर्थ आहे, नुसतं लोक म्हणतात म्हणून नाही, आणि त्यांचं वर्ष एप्रिललाच सुरू होतं हे लक्षात ठेव, तू जूनमध्ये येशील तेव्हा त्यांचा पोर्शन पुढं गेलेला असेल, तो कोण भरून देणार ते आधीच विचार. मराठीची काळजी करू नकोस, २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांना मराठी शिकवावंच लागतं.

कुणीतरी तुला नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, सांगेलच. आपल्या जिल्ह्याचं नवोदय पलूसला, प्रवेश सहावीला, परीक्षा पाचवीत असताना, आणि मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतंय तिथल्याच नवोदयला बसता येतं. म्हणजे "एक वर्ष आजीकडं पुण्यात राहू दे, सहावीला आणू" असं केलंत तर इथली परीक्षा हुकते. शिवाय कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीणच्या, त्यासाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते, ती तिची नाही, तेव्हा चुरस जास्त. साताऱ्याची सैनिक स्कूल पण आहे, १९६१ ची, देशातली पहिली, आता मुलींना पण घेतात. चांगल्याच आहेत दोन्ही. पण नव्या गावात आल्या आल्या दहा वर्षांच्या पोरीला परत क्लास आणि परत घर सोडायची तयारी, माझ्या मनाला पटत नाही, तिनं स्वतः हट्ट धरला तर गोष्ट वेगळी.

धाकट्याचं सोपं आहे. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होत असतील तर पहिली. त्याला घराच्या सगळ्यात जवळची शाळा, झेडपीची किंवा महापालिकेची असली तरी आधी आत जाऊन बघ, मग नाक मुरड. तू स्वतः तिथंच शिकलीस.

शाळा बघायला जाशील तेव्हा ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नकोस. चौथी-पाचवीच्या दोन वापरलेल्या वह्या मागून घे आणि तपासणी बघ, नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत की चुकलेल्या शब्दाजवळ बाईंनी काही लिहिलंय. मुलींच्या बाथरूमला पाणी आहे का, स्वतः जाऊन नळ सोडून बघ. पट विचार, कायद्यानं पाचवीपर्यंत तीस मुलांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवी पस्तीस, साठ कोंबली असतील तर तुझी लेक कुणाला दिसणार. ग्रंथालयाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडं ते विचार. पोराची परीक्षा किंवा आईवडलांची मुलाखत घेतल्याशिवाय प्रवेश नाही म्हणाले, नाहीतर डोनेशनचं बोलले, तर दोन्ही आरटीईत बसत नाही, तिथं वाद घालत बसू नकोस, पुढं चल. फी विचारताना ती कधी ठरली ते पण विचार, पालक समितीनं ठरवलेली फी दोन वर्षं तीच ठेवावी लागते.

आणि एकच प्रश्न मुख्याध्यापकांना नाही, वर्गाच्या बाईंना विचार, "नवीन मूल आलं की पहिल्या आठवड्यात तुम्ही काय करता?" ज्या बाई थांबून, आठवून एखाद्या पोराचं सांगतील, त्यांच्या वर्गात घाल. "ॲडजस्ट होतात हो मुलं" म्हणणाऱ्या असतील तर अजून दोन शाळा बघ.

लेकीला न विचारता ठरवू नकोस. दोन शाळा तू निवड, त्यातली एक तिला निवडू दे.

जून उजाडायची वाट बघू नकोस, आत्ता एप्रिलमध्ये, परीक्षा उरकायच्या आत एखाद्या शनिवारी ये, दोघांनाही घेऊन. शुक्रवारी रात्री माझ्याकडंच उतरा. शनिवारी शाळा सकाळची असते, आपण सुटायच्या पंधरा मिनिटं आधी गेटवर जाऊन उभं राहू, पोरं बाहेर येताना कशी येतात, शिपाईमामांशी बोलतात का, कोण एकटं मागं राहतं आणि त्याच्याकडं कुणी बघतं का, हे बघू. एका दिवसात दोन शाळा होतील, तिसरी सोमवारी मी एकटी जाऊन बघून येईन. येताना लेकीची ह्या वर्षीची मराठीची वही आण, मला तिचं अक्षर बघायचंय.

तुझ्या,
बाई