दाढेची मेटल कॅप आणि सुजलेली हिरडी

प्रश्न : डॉक्टर, मी देवगडची, वय 46. चार वर्षांमागे खालच्या दाढेचं रूट कॅनल केलं आणि वर मेटलची कॅप घातली, सिरॅमिकची परवडत नव्हती. आता वर्षभर तिथली हिरडी लाल आहे, ब्रश लावला की रक्त येतं आणि बांगडा खाल्ला की नेमका तिथेच अडकतो. दुखत अजिबात नाही. शेजारच्या काकू म्हणतात धातू बाधतो, काढून टाक. काढू का?

उत्तर : ताई, लगेच नको. काकू म्हणतात ते अगदीच खोटं नाही, स्वस्त मेटल कॅपमध्ये बऱ्याचदा निकेल असतं आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. एक सांगा, जत्रेतली खोटी कानातली घातली की तुमचे कान खाजतात, चिघळतात का? तसं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते पॅच टेस्ट करायला पाठवतील, त्यात पाठीवर पट्टी लावून दोन दिवसांनी काढतात आणि मग त्वचा बघतात. पण तोंडात निकेलचा त्रास त्यामानाने कमीच दिसतो, आणि तुमचं अडकणं-बिडकणं वाचून मला संशय येतो तो कॅपच्या कडेचा.

कॅप जिथे दाताला टेकते तिथे कड बाहेर आली असेल, फट राहिली असेल किंवा बसवतानाचं सिमेंट आत राहिलं असेल तर तिथे किटण साचतं आणि हिरडी सुजते. कड हिरडीच्या फार आत गेली असेल तरी तेच, कारण हाडाच्या वर साधारण 2 मिलिमीटर हिरडी दाताला चिकटलेली असते, त्या जागेत कॅप घुसली की तुम्ही कितीही घासा, सूज जात नाही. घरी फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा खास दोरा, घालून बघा (शिलाईचा दोरा नको हं!). कडेला अडकून त्याचे तंतू सुटले तर कड खरबरीत आहे, आणि शेजारच्या दाताला न घासता सुळकन खाली गेला तर मधे फट आहे, बांगडा अडकतो तो तिथेच.

रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचं सोडलं असेल तर आधी ते सुरू करा, मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून हळू फिरवायचा. आणि मिश्री लावत असाल तर आजपासून बंद, तंबाखूने हिरडी खाली सरकते.

दुखत नाही यावर मात्र विसंबू नका. रूट कॅनलमध्ये नसच काढलेली असते, त्यामुळे कॅपखाली दात किडला तरी कळत नाही. एक्स-रे काढून घ्या. मेटलच्या आतलं त्यात दिसत नाही पण कडेची कीड आणि हाड बहुतेक दिसतं. नुसतं किटण असेल तर क्लीनिंगवर भागेल, कड चुकली असेल तर कॅप बदलावी लागेल. आणि बदललीत तरी अ‍ॅलर्जी नसेल तर मागच्या दाढेला मेटल काही वाईट नाही, पातळ असूनही टिकते आणि दात कमी तासावा लागतो.