पहिल्यांदाच जैन युवा संमेलन करताय ना, मग आधी जेवणाचं बघा

जय जिनेंद्र. अरे, स्टेज, बॅनर सगळं होतंय की रे, तू पहिलं जेवणाची वेळ पक्की कर. डिसेंबरात आपल्या बेळगावकडं सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, आणि आपली बरीच पोरं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणजे पाच वाजता पंगत बसायलाच पाहिजे. आमच्या पहिल्या वर्षी दुपारचं भाषण लांबलं, कुणी माईक काढून घ्यायचं धाडस केलं नाही, आणि रात्री न जेवणारी पोरं तशीच उपाशी झोपली. त्यातली एक चिक्कोडीची मुलगी रिकामा तांब्या घेऊन पायरीवर बसलेली, ती अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आचाऱ्याला कांदा, लसूण, बटाटा नको हे सांगतोसच, पण पाणी गाळायचं फडकं स्वतः नेऊन दे आणि तिथं एक माणूस उभा कर.

दुसरं म्हणजे भाषा. अथणी-रायबागची पोरं कन्नड बोलतात, निपाणी-खानापूरची मराठी, त्यामुळं प्रत्येक गटात दोन्ही येणारा एकजण ठेवच, नाहीतर अर्धी पोरं नुसती मान हलवत बसतात. १८९९ ला दक्षिण भारत जैन सभा, आपल्या समाजाची जुनी संघटना, निपाणीजवळच्या स्तवनिधी या तीर्थक्षेत्रीच सुरू झाली, तिथं एक दिवस सगळ्यांना नेऊन आण. बस आधीच सांगून ठेव हं.