आईंचं कोलेस्टेरॉल गोळीशिवाय उतरलंय आणि विसरणं वाढलंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई 72 वर्षांच्या, नाशिकच्या सिडकोत राहतात, कोलेस्टेरॉलची गोळी कधीच घेतली नाही. 3 वर्षांत एकूण कोलेस्टेरॉल 226 वरून 168 वर आलं आणि त्याच काळात एकच गोष्ट दहादा विचारणं सुरू झालं. घरचे म्हणतात रिपोर्ट छान आलाय. वर एका लॅबने रक्तातल्या चरबीवरून स्मृतिभ्रंश आधीच ओळखायचं पॅकेज सुचवलंय.

पॅकेज करू नका. पण तो उतरलेला आकडा मात्र डॉक्टरांच्या कानावर घालाच.

मी डॉक्टर नाही. नाशिकमध्येच 22 वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री सांभाळली आणि सासूबाईंचा स्मृतिभ्रंश घरात बघितला. त्यांचं कोलेस्टेरॉलही असंच उतरलं होतं. रिपोर्ट मीच काढला, मीच आनंदाने सगळ्यांना सांगितलं. त्या दर बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजाराला जायच्या आणि दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहायच्या. त्या वर्षी एकाच तारखेच्या चौकोनात दोनदा दीड लिटर, पुढचे चार चौकोन कोरे. भांडी घासताना पाटली हातातून निसटून मोरीत पडली, इतकं मनगट बारीक झालेलं. कॅलेंडर, पाटली आणि रिपोर्ट, तिन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते एकत्र धरून पाहिलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

होनोलुलूत जपानी वंशाच्या पुरुषांवर 26 वर्षं चाललेला अभ्यास 2007 मध्ये आला. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांचं कोलेस्टेरॉल निदानाच्या किमान 15 वर्षं आधीपासून उतरत गेलं होतं. म्हणजे म्हातारपणी आपोआप उतरणारं कोलेस्टेरॉल हे कधीकधी आजाराची सावली असतं. म्हणून ‘कोलेस्टेरॉल कमी झालं म्हणून विसरायला लागल्या’ असं उलटं समजून तूप वाढवायला जाऊ नका. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, रक्तातलं त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही.

आणि सावली दुसऱ्याही कशाची असू शकते. थायरॉइड ग्रंथीने गरजेपेक्षा जास्त काम करणं, लिव्हर, पोटाचा आजार, किंवा साधं जेवण तुटणं. एकटं माणूस जेवायचंच विसरतं, विचारलं की ‘जेवले’ म्हणतं. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का तेही बघा.

आता पॅकेजबद्दल. 2014 मध्ये जॉर्जटाउन आणि रॉचेस्टर विद्यापीठांच्या गटाने 70 च्या पुढच्या लोकांच्या रक्तातले 10 स्निग्ध घटक मोजले आणि 2-3 वर्षांत कोणाची स्मृती ढासळेल हे 90 टक्क्यांहून अचूक सांगता येतं असं मांडलं. बातमी जगभर गाजली, आमच्या लॅबमध्येही तिची चर्चा झाली. 2016 मध्ये दुसऱ्या दोन मोठ्या अभ्यासांच्या नमुन्यांवर तेच घटक लावून पाहिले, तिथे ते चाललं नाही. संशोधन म्हणून ही दिशा मोलाची आहे, पण आईंच्या हातातून त्यासाठी सुई टोचून घेण्याइतकी ती पक्की झालेली नाही. अमेरिकेत 2025 मध्ये अल्झायमरसाठी जी रक्तचाचणी मंजूर झाली, ती टाऊ आणि अमायलॉइड या प्रथिनांची आहे, चरबीची नाही, आणि तीही लक्षणं असलेल्यांसाठी.

त्यापेक्षा बी-12, थायरॉइडची टीएसएच, साखर, हिमोग्लोबिन, लिव्हर-किडनी एवढं करा. आई शाकाहारी असतील तर बी-12 आधी. ते भरून काढल्यावर विसरणं कमी झालेली माणसं मी पाहिलीत. मग न्यूरॉलॉजिस्टकडे जा, स्मृतीची लेखी चाचणी मराठीतून करून मागा. ऐकू कमी येतं का, मोतीबिंदू आहे का, हेही सांगा. जाताना 3 वर्षांचे रिपोर्ट तारखेवार लावून न्या, आणि काय कधी विसरल्या ते एका कागदावर. ‘वयानुसार होतं’ असं म्हणून आम्हाला एका ठिकाणाहून परत पाठवलं होतं. हातात कागद असता तर मी तिथून उठले नसते.

शेवटी तुम्ही ओघात लिहिलंय की तुमचं वय 47 आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 164. मला आईंच्या 168 इतकीच याचीही काळजी वाटते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 कारणांत मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल नव्याने घातलं. 70 नंतर उतरलेला आकडा आणि पन्नाशीच्या आत चढलेला आकडा, दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. आईंच्या फाइलबरोबर स्वतःचा रिपोर्टही दाखवून घ्या.

आईंचं वजन मागे कुठे लिहिलेलं सापडलं तर कळवा.