टंचाईच्या वर्षी कृष्णेचे पाणीवाटप आणि रब्बीचे नियोजन

कृष्णा खोऱ्यातील शेतकरी बंधू-भगिनींकडून या हंगामात दोन प्रश्न वारंवार आले आहेत. लवादाने राज्याला पाणी ठरवून दिलेले असताना कालव्याची आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या) कमी का होतात, हा पहिला. आणि अशा वर्षी उसाची नवी लागण करावी का, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकमेकांत गुंतलेले असल्याने ते एकत्रच देत आहे.

कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेवर नदीचे पाणी 2,060 टीएमसी (अब्ज घनफूट) धरले आणि त्यातील 560 महाराष्ट्राला, 700 कर्नाटकाला व 800 तत्कालीन आंध्र प्रदेशाला दिले. 75 टक्के विश्वासार्हता याचा अर्थ असा की चार वर्षांपैकी साधारण तीन वर्षे तेवढे पाणी नदीला येते आणि एक वर्ष येत नाही. म्हणजे तुटीचे वर्ष या हिशेबातच धरलेले आहे. शिवाय 560 हा आकडा वापराची कमाल मर्यादा आहे, तेवढे पाणी धरणात येईलच अशी हमी नव्हे, आणि कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचे 67.5 टीएमसीदेखील त्याच वाट्यात मोजले जाते. कावेरीच्या निवाड्यात तर तुटीच्या वर्षी प्रत्येक राज्याचा वाटा त्याच प्रमाणात कमी करण्याचे तत्त्व स्पष्टपणे स्वीकारले आहे. मला ते न्याय्य वाटते, कारण पाऊस कमी झाल्याची झळ केवळ शेवटच्या गावाने सोसावी, हे आपण आपल्या पोटचारीवरही (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या चारीवरही) मान्य करत नाही.

तेव्हा निवाड्यातील आकड्यावर पीक ठरवू नका. 15 ऑक्टोबरचा धरणातील उपयुक्त (वापरता येणारा) साठा आणि त्यावरून कालवा सल्लागार समिती जाहीर करील तेवढी आवर्तने, हाच आपला खरा हिशेब आहे. त्यातूनही पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते. पाणी अर्ज मुदतीत भरा आणि पाणीवापर संस्था असेल तेथे पाळीपत्रक (कोणाला कधी पाणी याचे वेळापत्रक) कालव्याच्या शेवटाकडून सुरुवातीकडे राबवण्याचा आग्रह धरा.

आता उसाविषयी. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2.83 कोटी घनमीटर पाणी. पाटाच्या पाण्यावरचा ऊस वर्षाला हेक्टरी 20 ते 25 हजार घनमीटर पाणी घेतो, त्यामुळे वाटेतील गळती शून्य धरली तरी एका टीएमसीत 1,100 ते 1,400 हेक्टरच ऊस भिजतो. तेच पाणी रब्बी ज्वारीला साडेसात सेंटिमीटरच्या दोन पाळ्यांत दिले, तर सुमारे 18 ते 19 हजार हेक्टर क्षेत्र निघते. म्हणून विहिरीचे खात्रीचे पाणी आणि ठिबक नसेल, तर यंदा नवी लागण करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

ज्वारीची दोन पाणी 28 ते 30 दिवसांनी आणि पीक पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना 50 ते 55 दिवसांनी द्यावीत. हरभऱ्याला एकच पाणी मिळणार असेल तर ते फुले लागण्याच्या सुमारास द्यावे आणि रान जास्त भिजवू नये, कारण साचलेल्या पाण्याने हरभरा उभळतो, म्हणजे पिवळा पडून वाळतो.

खोडव्याचे (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचे) पाचट, म्हणजे वाळलेली पाने, जाळू नका. ते सरीत पसरा आणि दहा-बारा दिवसांनी पाचटाखाली हात घालून पाहा. उघड्या सरीतील माती भुगा होऊन निसटते, पाचटाखालची मुठीत गोळा धरते, आणि ती गोळा धरत आहे तोवर पाणी देण्याची घाई नको. ताण वाढल्यास एक आड एक सरी भिजवावी आणि 2 टक्के म्युरेट ऑफ पोटॅश व 2 टक्के युरिया यांची एकत्र फवारणी 15 ते 20 दिवसांच्या अंतराने करावी. पुढील आवर्तनाची तारीख शाखा कार्यालयात विचारूनच खताचा हप्ता ठरवावा.