रोज ठाण्याच्या घोडबंदर रोडने जायचं असेल तर बाइकमधल्या एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोलसाठी जादा पैसे मोजावेत का?

एबीएससाठी (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा) नक्की मोजा, तेही ड्युअल चॅनलसाठी, म्हणजे दोन्ही चाकांना असलेल्या. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं, पण सिंगल चॅनलमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं लॉक होऊन घसरू शकतं.

गेल्या पावसाळ्यात गायमुखच्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक करकचून दाबला, तो बोटांखाली थरथरला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. (ती थरथर जाणवली की घाबरून ब्रेक सोडू नका. नवीन लोक हमखास सोडतात.)

तोटे आहेतच. सुट्ट्या खडीवर एबीएसमुळे थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून रस्त्याचं काम दिसलं की आधीच वेग कमी करा. वळणावर गाडी झुकलेली असताना साधं एबीएस फारसं वाचवत नाही. त्यासाठीचं कॉर्नरिंग एबीएस महागड्या गाड्यांतच येतं. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला तर सिस्टिम बंद पडून मीटरवर दिवा लागतो, तेवढं धुताना बघा.

ट्रॅक्शन कंट्रोलचं (एक्सलरेटर दिल्यावर मागचं चाक जागच्या जागी घसरत फिरू न देणारी यंत्रणा) म्हणाल तर 150-160 सीसीच्या इंजिनात मागचं चाक फिरवून टाकण्याइतकी ताकद क्वचितच असते. त्या पैशात ओल्या रस्त्यावर पकड धरणारे चांगले टायर घ्या.