नॅनोतंतूंनी पाण्यातलं पीफास काढायला निघालायस, तर आधी हे वाच

पीफास म्हणजे सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं, आणि नॅनोतंतू म्हणजे ती शोषून घेणारे अतिसूक्ष्म धागे. तंतू नंतर बनव, आधी बाटल्या बदल. टेफ्लॉनची नळी, टेफ्लॉनचं झाकण, तसलाच फिल्टर, सगळं बाजूला ठेव. त्यातूनच पीफास पाण्यात उतरू शकतं. काचेलाही ते चिकटतं, म्हणून पॉलिप्रॉपिलीन वापर. आणि शोषक (म्हणजे तंतू) न घातलेली, पीफासच्या पाण्याची एक बाटली प्रत्येक वेळी सोबत हलव. ती नसेल तर बाटलीला चिकटलेलं पीफासही तू तंतूंच्या खात्यात जमा करशील.

तंतूंसाठी पीव्हीडीएफ हा पॉलिमर नको, तो स्वतःच फ्लोरिनयुक्त आहे. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल हा पॉलिमर कातून त्यावर अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट बसव. आम्लधर्मी पाण्यात त्यांच्यावर धनभार येतो आणि ऋणभारित पीएफओए (पीफासपैकी एक) ओढला जातो. सामू वाढला की पकड सैल होते.

लिटरला मिलिग्रॅमभर पीफास घालून मिळालेल्या आकड्यांवर मात्र खूश होऊ नकोस रे! अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओए आणि त्याचंच भावंड पीएफओएस यांच्यासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. त्या पातळीवर, ह्यूमिक आम्ल (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारं) आणि सल्फेट असलेल्या खऱ्या पाण्यात तपास. पीएफबीएसारखे आखूड कार्बन-साखळीचे पीफास रेणू तिथेच निसटतात. माझा सर्वाधिक वेळ त्यांनीच घेतला.

शेवटी मीठ घातलेल्या मिथेनॉलने तंतू धुऊन पुन्हा वापरून बघ. ते धुवण गटारात ओतू नकोस, त्यात सगळं पीफास एकवटलेलं असतं.